बिनशिवणीचा अंगरखा आणि मुलांची बोटे

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी कोणता उपक्रम घ्यावा, याचा विचार करण्याकरिता आमच्या धर्मग्राम मंडळाची बैठक भरली होती. चित्रकला, गायन, बायबल प्रश्नमंजूषा हे नेहमीचे विषय सुचवून झाले. मग एका धर्मभगिनीने सुचवले, "मुलांना लोकरीचे विणकाम शिकवू या." यावर थोडे हसू झाले. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यातल्या उन्हात लोकर कोण हाती धरणार? परंतु मागच्या बाकावर बसलेले एक निवृत्त शिक्षक हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "फादर, मुलांच्या हाती सुया देण्याआधी जरा विचार करा. मुलांच्या बोटांवर जगाने फार दिवस पोट भरले आहे."

बैठक संपली, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मुलाला विणायला शिकवणे ही एवढी साधी, घरगुती, निरुपद्रवी गोष्ट! तिच्यात विचार करण्यासारखे काय असावे? म्हणून मी जुनी पुस्तके उघडली. जसजसा वाचत गेलो, तसतसे ध्यानात आले, की मुलांच्या विणकामाचा इतिहास एकाच धाग्याचा नाही. त्यात एक धागा मायेचा आहे आणि एक धागा राबवणुकीचा. दोन्ही इतके जवळजवळ विणले गेले आहेत, की वेगळे करताना बोटे अडखळतात. वाचकहो, त्या दोन धाग्यांची ही हकिगत.

आपल्या मराठीत 'विणणे' हा एकच शब्द दोन निराळ्या कामांना चालतो. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा घालून कापड होते, तेही विणणे. आणि दोन सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवून मोजे किंवा स्वेटर होतो, तेही विणणेच. पहिले काम भारतात सहस्रावधी वर्षांचे. दुसरे मात्र आपल्याकडे फार उशिरा आले. सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले असून ते मध्ययुगातले आहेत. तेथून ही कला अरबांच्या मार्गाने स्पेनमध्ये पोहोचली असावी, असे मानतात. स्पेनमधील बुर्गोस शहराजवळच्या लास हुएल्गास या मठात १२७५ साली मरण पावलेल्या राजपुत्र फर्नांदो द ला सेर्दा याच्या थडग्यात रेशमी विणकामाची उशी सापडली. तिच्यावरील टाके इतके बारीक आहेत, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. मध्ययुगात महागुरुस्वामी मिस्साविधीच्या वेळी जे रेशमी हातमोजे घालीत, तेही पुष्कळदा असेच सुयांवर विणलेले असत. म्हणजे युरोपात ही कला प्रथम राजांच्या आणि वेदीच्या सेवेला लागली. गरिबांच्या पायांपर्यंत ती नंतर उतरली.

चौदाव्या शतकापासून इटली आणि जर्मनीतील चित्रकारांनी पवित्र मरियेला विणकाम करताना रंगवण्यास सुरुवात केली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र मास्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराचे मानले जाते. इ. स. १४०० च्या सुमारास बुक्स्टेहुड येथील धर्मभगिनींच्या मठासाठी केलेल्या वेदीवरील चित्रफलकाचा तो भाग असून आज तो हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रात मरियामाता चार सुयांवर एक लहान अंगरखा विणत बसली आहे. अंगरखा जवळजवळ पुरा झाला आहे, गळ्याशीच काम उरले आहे. चार सुयांवर गोल विणलेल्या वस्त्राला शिवण नसते. योहानकृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात क्रुसाजवळच्या शिपायांनी ज्या वस्त्राचे तुकडे न करता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तो बिनशिवणीचा अंगरखा आठवून चित्रकाराने हे दृश्य कल्पिले. प्रभूचा अंगरखा मागावर विणलेला होता हे खरे. परंतु भक्ताच्या दृष्टीने आईच्या हातचे वस्त्र हे आईच्या हातचेच. या चित्राकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

सोळाव्या शतकात विणलेल्या मोज्यांची मागणी वाढली आणि विणकाम हा गरिबांचा धंदा झाला. त्याला माग लागत नाही, जागा लागत नाही, भांडवल लागत नाही. दोन सुया आणि थोडी लोकर असली, की दारात बसून, गुरे राखताना, चालतादेखील विणता येते. म्हणून इंग्लंडमधील नॉरिच, लिंकन, यॉर्क यांसारख्या शहरांच्या कारभाऱ्यांना असे वाटले, की भीक मागणाऱ्या मुलांना विणकाम शिकवावे. 'विणकामशाळा' हा शब्द तेव्हा रूढ झाला. या शाळांत अक्षर शिकवले जाईलच असे नव्हते. मुलाने रिकामे राहू नये, आपल्या भाकरीपुरते मिळवावे आणि शहराच्या दानपेटीवर भार होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. १५८९ च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरमधील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हा ली धर्मोपदेशक होता असे परंपरा सांगते. राणी एलिझाबेथने त्याला हक्कपत्र दिले नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल अशी तिला भीती वाटली, असे म्हणतात. त्या गरिबांत मुले किती होती, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

एका मुलीने मात्र तो हिशेब म्हातारपणी सांगितला. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांच्या 'द डॉक्टर' या ग्रंथात ती हकिगत आली आहे. अठराव्या शतकात यॉर्कशायरमधील डेंट हे खोरे विणकामासाठी प्रसिद्ध होते. डोंगरापलीकडच्या एका गरीब घरातील दोन बहिणींना तेथे विणकाम शिकायला धाडले. थोरली सात-आठ वर्षांची, धाकटी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तेथे सर्व जण रात्री एका चुलीभोवती बसून विणत आणि टाक्यांची गती राखण्यासाठी गाणी म्हणत. काम फार, खाणे निकस. मुलींना घरची आठवण येई. अखेर एके दिवशी कडाक्याच्या हिवाळ्यात त्या दोघी कोणाला न सांगता निघाल्या आणि वाटेत दयाळू माणसांकडे आसरा घेत, डोंगर ओलांडून, आईवडिलांच्या दारात पोहोचल्या. ही हकिगत वाचताना मला सुया दिसल्या नाहीत. बर्फातून एकमेकींचा हात धरून चालणाऱ्या दोन मुली दिसल्या. आमच्या शिक्षक महाशयांच्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला उमगला.

पण त्याच शतकात, समुद्रापलीकडे, हीच सुई एका वेगळ्या शाळेची सुरुवात ठरली. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात व्होज पर्वतातील एका दरिद्री खोऱ्यात १७६७ साली जाँ-फ्रेदरिक ओबरलँ नावाचे लूथरपंथी पाळक आले. रस्ते नाहीत, शेती निकृष्ट, भाषा अशी बोली की बाहेर कोणाला समजू नये. आईबाप शेतावर जात आणि लहान मुले वाऱ्यावर सुटलेली असत. बेलमाँ या खेड्यात सारा बान्झे नावाची एक तरुण शेतकरी मुलगी आपल्या घरच्या उबदार खोलीत शेजारची मुले जमवून त्यांना विणकाम शिकवीत असे. तिच्या वडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटे. ओबरलँ यांनी १७६९ साली तिला स्वतःच्या मिळकतीतून वेतन ठरवून दिले आणि अशा खोल्या इतर खेड्यांतही सुरू केल्या. तीन-चार वर्षांची मुले तेथे येत. मोठी मुले विणत, लहानगी खेळत. विणता विणता बाई त्यांना बायबलमधील गोष्टी सांगत, झाडाफुलांची चित्रे दाखवत, शुद्ध फ्रेंच बोलायला शिकवत, गाणी म्हणून घेत. सारा १७७४ साली तरुण वयातच वारली. तिचे काम पुढे लुईझ शेप्लेर या स्त्रीने अनेक वर्षे चालवले आणि तिला १८२९ साली फ्रेंच अकादमीने पारितोषिक देऊन गौरवले. बालशिक्षणाचे इतिहासकार आज या विणकामाच्या खोल्यांना युरोपातील पहिल्या शिशुशाळांमध्ये गणतात. फ्रोबेलची बालोद्याने, रॉबर्ट ओवेनची न्यू लॅनार्क येथील शाळा ही सर्व नंतरची.

डेंटची चूल आणि बेलमाँची खोली. दोन्हीकडे मुले, सुया, लोकर, गाणी. मग भेद कशात होता? डेंटमध्ये मूल विणकामासाठी होते. बेलमाँमध्ये विणकाम मुलासाठी होते. एवढेच. पण या 'एवढ्याच'मध्ये सारे काही आले.

आता आपण आपल्या शहराकडे वळू. २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराची उभारणी मलिक अंबर याने १६१० साली खडकी या नावाने केली. त्याआधी जवळच्या दौलताबादला मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी हलवली, तेव्हा दिल्लीकडचे विणकर येथे आले आणि त्यांच्यापासून हिमरूची कला सुरू झाली, अशी परंपरा आहे. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी काढलेले वस्त्र. राजेरजवाड्यांच्या किनखाबाचे ते स्वस्त भावंड. पलीकडे गोदाकाठी पैठणला पैठणी होती. येथल्या घराघरांतून मागाचा आवाज येई.

नक्षीचे असे कापड जुन्या मागावर एकट्या माणसाने विणता येत नसे. विणकर खाली बसे आणि मागावर दुसरा कोणी तरी बसून नक्षीच्या बांधलेल्या दोऱ्या क्रमाने वर ओढी. तो दुसरा बहुधा मुलगाच असे. मुलाची बोटे बारीक, अंग हलके आणि मजुरी नगण्य. दर आडव्या धाग्यागणिक कोणती दोरी ओढायची, हे त्याला तोंडपाठ असावे लागे. त्या मुलांनी अक्षरे गिरवली नसतील. पण वेलबुट्टीचा हिशेब त्यांना ज्या सूक्ष्मतेने येत असे, तो आपल्या आठवीतल्या मुलाला भूमितीत येईल की नाही, याची शंकाच आहे. बापाकडून मुलाकडे ही विद्या अशीच आली. ती विद्याही होती आणि राबवणूकही होती. एकाच दोरीची ती दोन टोके होती.

फ्रान्सच्या लियाँ शहरातही रेशमी मागांवर अशीच मुले दोऱ्या ओढीत. १८०४ साली तेथील जोझेफ-मारी जॅकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला आणि दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची गरज उरली नाही. जॅकार्ड स्वतः लहानपणी असे काम करीत असे, असे सांगतात. त्याच लियाँमध्ये क्लॉदिन तेव्हने नावाची एक स्त्री राहत होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तिच्या दोन भावांना तिच्या डोळ्यांदेखत मृत्युदंडासाठी नेण्यात आले. आणि मरण्यापूर्वी त्यांनी तिला क्षमा करण्याची विनंती केली. पुढे तिने रस्त्यावरच्या अनाथ मुलींना जवळ घेतले. १८१८ साली तिने जे घर उघडले, त्यात आरंभी एक अनाथ मुलगी आणि एक रेशमी माग एवढेच होते. मुलींना वाचन-लेखन, धर्मशिक्षण आणि रेशीम विणण्याची कला देऊन, त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील असे तिने पाहिले. त्यातूनच 'येशू आणि मरिया' ही धर्मभगिनींची संस्था जन्मली. तिच्या भगिनी १८४२ साली आग्र्याला आल्या. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्लॉदिनला संतपद दिले. संत क्लॉदिनच्या घरातील मुलगीही कापडच विणत होती, पण मागासमोर बसलेल्या त्या मुलीला कोणी तरी नावाने हाक मारणारे होते.

भारतात मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या, तेव्हा वाचन-लेखनाबरोबर शिवण, भरतकाम, लेस आणि पुढे लोकरीचे विणकाम हे विषय आले. पालकांना मुलगी शिकलेली नको असे, पण हाताला काम येत असेल तर चाले. त्यामुळे सुई ही कित्येक घरांत पाटीची वाटाडी झाली. त्रावणकोर संस्थानातील नागरकोविल येथे मार्था मॉल्ट या मिशनरी स्त्रीने १८२० च्या दशकात मुलींना लेस करायला शिकवले. तेथे त्या काळी गुलामगिरी होती. काही मुलींनी लेसच्या कमाईतून पैसे साठवून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले, ही इतिहासात नोंदलेली घटना आहे. धाग्याने साखळी तुटल्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंध्रातील नरसापूरच्या लेस धंद्याविषयी मारिया मीस या अभ्यासक स्त्रीने १९८२ साली ग्रंथ लिहिला. मिशनपासून सुरू झालेल्या या कामाचा जगभर व्यापार झाला, पण घरात बसून लेस करणाऱ्या बाईच्या हाती अगदी किरकोळ मजुरी पडली, असे तिने दाखवून दिले. सुई तीच. नफ्याचे गाठोडे कोणाच्या दारात गेले, एवढाच प्रश्न.

महाराष्ट्रात या बाबतीत पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घ्यावे लागेल. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. या पद्धतीत कागदाच्या पट्ट्या विणणे, टोचलेल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने चित्र शिवणे अशी बोटांची कामे मुलांना देतात, कारण मुलाची बुद्धी बोटांतून जागी होते असे फ्रोबेलचे मत. १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या मुली-स्त्रियांना आधार देण्यासाठी केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. तेथे विणकाम, शिवण, शेती, छपाई अशी नाना कामे मुली शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे कामही तेथील स्त्रियांनीच केले. ज्या बोटांना समाजाने अशुभ ठरवले होते, त्यांनीच शुभवर्तमान छापले.

याच काळात कायदाही मुलांच्या बोटांकडे पाहू लागला होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सात वर्षांखालील मुलांना गिरणीत लावण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! आणि हीदेखील त्या काळची सुधारणा होती. १८९१ साली वयाची अट नऊ वर्षांवर आणि कामाची मर्यादा सात तासांवर आणली गेली. त्याच १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. शरीर आणि मन पुरेसे वाढण्यापूर्वी मुलांना कारखान्यात घालू नये, अवेळी आलेल्या कामाने बालपणाची कोवळीक करपते आणि शिक्षण अशक्य होते, असे त्यात त्यांनी बजावले. ख्रिस्तसभेचा सामाजिक विचार ज्या परिपत्रकापासून मोजला जातो, त्यात मुलाच्या हातांची काळजी आहे, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

मग १९३७ साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. मुलाचे सारे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, अशी ही कल्पना. अभ्यासक्रम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. त्यांचा जन्म हैदराबादचा. म्हणजे मराठवाडा ज्या संस्थानात तेव्हा होता, त्याच्या राजधानीतला. सेवाग्रामला हे काम ज्यांनी वाहिले, ते आर्यनायकम श्रीलंकेतील तमिळ ख्रिस्ती कुटुंबातून आलेले. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशीही गांधीजींची अपेक्षा होती. यावर परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. मुलाच्या श्रमावर शाळा चालू लागली, तर शिक्षक त्याला अधिक शिकवण्याऐवजी त्याच्याकडून अधिक कातून घेईल, असे या आक्षेपाचे मर्म होते. गांधीजींचा हेतू निर्मळ होता, आणि तरीही आक्षेप बरोबर होता. शाळेचा दिवा मुलाच्या घामावर लावायचा, की मुलासाठी शाळेने तेल जाळायचे, हा जुनाच प्रश्न वर्ध्याला पुन्हा उभा राहिला.

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या २४ व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात व धोक्याच्या कामात लावण्यास मनाई केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने ज्या प्रक्रियांत मुलांना लावणे निषिद्ध ठरवले, त्यांत गालिचे विणणे आणि कापडाची छपाई, रंगाई व विणाई यांचा समावेश होता. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवणे बेकायदा केले; मात्र शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धोका नसलेल्या व्यवसायात मुलाने मदत करण्यास मुभा ठेवली. या मुभेवर बरीच टीका झाली. परंतु बापाजवळ बसून शिकलेली विद्या आणि बापाच्या गरजेपोटी झालेली राबवणूक यांच्यातली सीमारेषा आखणे कायद्याला किती जड जाते, हेच त्यातून दिसते.

एवढे वाचून झाल्यावर मी आमच्या धर्मग्रामातील एका आजींकडे गेलो. त्यांच्या हातचे विणकाम सुरेख असते, हे सर्वांना ठाऊक. मी त्यांना सुटीतील वर्गाविषयी सांगितले आणि शिकवायला याल का, असे विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, मी आठ वर्षांची असताना बोर्डिंगमध्ये विणायला शिकले. दिवसाला अमुक बोटे विणून झालीच पाहिजेत, नाही तर जेवायला उशीर. टोपडी विणली, मोजे विणले, स्वेटर विणले. सगळे विक्रीला जायचे. त्या थंडीत मी स्वतः कधी स्वेटर घातला नाही." ते बोर्डिंग आज नाही आणि त्याचे नाव घेऊन कोणाला दोष देण्यात अर्थही नाही. त्या काळी मुलांना खाऊ घालणाऱ्यांचीही ओढाताण होती, हे मला समजते. पण आजींच्या डोळ्यांतली ती थंडी सत्तर वर्षांनंतरही गेली नव्हती, हेही मी पाहिले. एक धर्मगुरू म्हणून मला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली. इतिहासात आपल्या बाजूने जे चुकले, ते आपण सांगितले नाही, तर जे चांगले झाले ते सांगण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.

शेवटी आजीच म्हणाल्या, "येईन मी. पण एक अट. मुलाने पहिल्यांदा जे विणले, ते त्याचेच. विकायचे नाही, प्रदर्शनात ठेवायचे नाही, कोणाला भेट द्यायचे नाही. त्याने ते घरी न्यायचे."

वर्ग भरला. रोज सकाळी एक तास. मुली आल्या तशी मुलगेही आले. जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळांत पहिलीपासून मुलगे व मुली सारखेच विणकाम शिकतात, हे मी पालकांना सांगितले, तेव्हा कुजबुज थांबली. मुले विणत असताना कोणी तरी संतचरित्र किंवा गोष्ट वाचून दाखवी. टाके घालणे, सुलट टाका, उलट टाका, एवढेच शिकवायचे ठरले होते. टाके गळत, धागा गुंतत, एखाद्याची पट्टी खाली रुंद आणि वर चिंचोळी होई. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटली. कापड कापताना चूक झाली, की ती कायमची. विणकामात मात्र चूक उसवता येते आणि तोच धागा पुन्हा कामी येतो. प्रायश्चित्त संस्काराविषयी मी मुलांना इतकी वर्षे शिकवले. पण धागा वाया न जाता पुन्हा सुरुवात करता येते, हे त्यांना आजींच्या शेजारी बसून अधिक चांगले कळले असावे.

निवृत्त शिक्षकही शेवटच्या दिवशी आले होते. आपल्या नातवाने विणलेली, कडेला वाकडी झालेली निळी पट्टी त्यांनी हातात घेतली आणि विचारले, "याचे काय करणार?" नातू म्हणाला, "काही नाही. माझी आहे." शिक्षकांनी ती पट्टी नीट घडी करून त्याला परत दिली. आजी पलीकडे बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या.

आता त्या जुन्या चित्राकडे येतो. मरियामाता विणत बसली आहे. दोन देवदूत आले आहेत आणि त्यांच्या हातांत क्रूस, भाला, खिळे आणि काट्यांचा मुगुट आहे. पुढे जे दुःख येणार, त्याची ती सूचना. बाळ येशू आईच्या पुढ्यात गवतावर पालथा पडला आहे. जगाचे ओझे ज्याच्या खांद्यावर यायचे आहे, असे हे मूल! तरी चित्रकाराने त्याच्या हातात सुई दिलेली नाही. त्याच्यापुढे एक पुस्तक उघडे आहे आणि बाजूला एक भोवरा पडला आहे. विणण्याचे काम आईने आपल्याकडे ठेवले आहे.

आपल्या घरातल्या मुलाच्या हाती आपण सुया अवश्य द्याव्या. मात्र देताना त्या पुस्तकाची आणि त्या भोवऱ्याची जागा तशीच राहील, एवढे पाहावे.